चष्मा राहिला

नाकाबद्दल लिहायचा मला तसा काही अधिकार नाही. हे आधीच सांगून माफी मागतो. मी डॉक्टर नाही. डॉक्टर व्हायला लातूरला गेलो होतो आणि शेवटी नांदेडला बीएस्सीला आलो, एवढंच माझं वैद्यकीय शिक्षण. आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेला मी पहिला, त्यामुळे चार ओळी लिहिल्या की अजूनही कुणीतरी मागून वाकून बघतंय असं वाटतं. ज्यांनी अशी ऑपरेशनं केली आहेत त्यांना माझ्या सांगण्यात चुका सापडतील, त्या त्यांनी पोटात घालाव्यात. पण माझ्या बहिणीचं आखूड नाक लांब करताना काय काय झालं, हे ती स्वतः लिहिणार नाही. तिला विचारलं तेव्हा म्हणाली, तूच लिही, फक्त नाव घालू नको. म्हणून लिहितो आहे.

भूकंप झाला तेव्हा आम्ही औसा तालुक्यातल्या एका खेड्यात राहत होतो आणि बहिणीचे अजून दुधाचे दातही पडले नव्हते. दगडमातीच्या भिंती, वर माळवद, म्हणजे मातीचंच जड छप्पर. बाबांनी तिला हातांनी माती उपसून काढलं तेव्हा तिच्या नाकातोंडात माती भरलेली होती आणि नाक आत दबलेलं होतं. पण तेव्हा नाकाकडे बघायला फुरसत कुणाला होती? ती रडली, म्हणजे जिवंत आहे, एवढंच सगळ्यांना पुरलं. आमच्या शेजारच्या घरातून रडण्याचा आवाजच आला नव्हता.

नंतर आम्ही मामाच्या आधारानं देगलूरला आलो. बाबा आडतीवर मापाडी म्हणून लागले. शेतकरी माल आणतात तो काट्यावर मोजून द्यायचा, हे काम. बहीण मोठी होत गेली, चेहरा वाढला, नाक मात्र वाढलं नाही. नाकाच्या आतला मधला पडदा लहानपणीच चेंगरला तर नाक वरही येत नाही आणि खालीही उतरत नाही, हे मला पुष्कळ पुढे कळलं. तेव्हा एवढंच दिसत होतं, की डोळ्यांच्या मधे खड्डा आहे, शेंडा वर ओढलेला आहे आणि नाकपुड्या सरळ समोरच्याकडे बघतात. शाळेत तिला नकटी म्हणायचे. ते एक वेळ ठीक, पण नव्यानं आलेल्या एका बाईंनी तिला "नाक वर करून काय बघतीस?" म्हणून वर्गाबाहेर उभं केलं होतं. तिनं घरी येऊन ते सांगितलं, तेव्हा माय हसली आणि मग पाठ फिरवून चुलीकडे बघत बसली.

आमच्याकडे तान्ह्या बाळाला न्हाऊ घालताना तेलाच्या बोटांनी नाक ओढतात, म्हणजे ते सरळ होतं असं मानतात. माय बहिणीचं नाक ती शाळेत जायला लागल्यावरही ओढायची. पोरगी वैतागायची. "माय, मी काय तान्ही हाय का?" असं म्हणून उठून जायची. माय तेलाचा हात तसाच धरून बसायची.

पण खरी अडचण पुढे आली. तिला फळ्यावरचं दिसेना. डोळे तपासले तर चष्मा लागला. चष्म्याच्या दुकानदारानं एकेक फ्रेम लावून बघितली आणि हात टेकले, कारण चष्म्याला बसायला नाकावर जागाच नव्हती. तो घसरून गालांवर टेकायचा आणि काचा पापण्यांना घासायच्या. मागून दोरी बांधून तो वर धरला तर दुसरंच सुरू व्हायचं. नाकपुड्या वर असल्यामुळे तिचा प्रत्येक श्वास सरळ काचेवर जायचा आणि काच धुरकट व्हायची. ती फळ्यावरची एक ओळ वाचायची, चष्मा काढून ओढणीला पुसायची, मग दुसरी ओळ. तोवर सर फळा पुसून टाकायचे. वर्गातल्या मुली म्हणायच्या, हिच्या चष्म्याला बसचा वायपर लावा. हा विनोद तिनंच मला सांगितला, आणि चांगला आहे म्हणाली.

मायला तिच्या लग्नाची काळजी होती. नथ कुठं अडकवायची, हे ती कधी बोलून दाखवायची, कधी नाही. बहिणीचं म्हणणं वेगळं होतं. तिला अकरावीला सायन्स घ्यायचं होतं. एकदा माय आणि मामी स्थळांबद्दल बोलत असताना ती मधेच म्हणाली, "मला चांगलं दिसायचं न्हाई. मला चांगलं दिसलं पाहिजे." मामीला ते कळलंच नाही. मी त्यानंतर तिच्याशी कधी रंगरूपाच्या बाजूनं या विषयावर बोललो नाही.

दहावी तिनं कशीबशी, म्हणजे खरं तर जिद्दीनं काढली. त्या उन्हाळ्यात पहिलं ऑपरेशन झालं. कुठं झालं ते सांगत नाही, कारण त्या डॉक्टरांनी वाईट हेतूनं काही केलं असं मला वाटत नाही. प्लास्टिक सर्जन हा शब्द घरात आला तेव्हा मामीनं सरळ विचारलं होतं की, देगलूरच्या उन्हात ते प्लास्टिक वितळलं तर? आम्ही तिला हसलो. पण त्या डॉक्टरांनी खरोखरच एक तयार तुकडा नाकात बसवला होता, सिलिकॉनचा. पट्टी काढली तेव्हा नाक उंच आणि लांब झालेलं होतं. चष्मा बसला. काचेवर वाफ येईना. बहीण आमच्या गल्लीच्या टोकापर्यंत जायची, दुकानांच्या पाट्या वाचायची आणि परत यायची. मी निश्चिंत मनानं लातूरला बारावीच्या क्लासला निघून गेलो.

लातूरबद्दल मी काय सांगावं? भूकंपानं ओळखलं जाणारं गाव आमच्या काळात क्लाससाठी ओळखलं जाऊ लागलं होतं. चौकाचौकात पहिल्या आलेल्या मुलांचे फोटो, एका खोलीत कॉट टाकून राहणारी आमच्यासारखी पोरं, आणि चाचणीच्या गुणांवरून दर थोड्या दिवसांनी बदलणाऱ्या बॅचा. मी वरच्या बॅचमधून खाली आलो ते दिवाळीनंतर. दिवाळीला घरी गेलो तेव्हा बहीण तोंडाला ओढणी गुंडाळून बसलेली होती. नाकाचा शेंडा आधी लाल झाला, मग त्यावरची कातडी पातळ आणि चकचकीत झाली, आणि एके दिवशी आतलं पांढरं दिसायला लागलं. तो तुकडा काढून टाकावा लागला. जखम भरली, पण भरताना आकसली, आणि नाक पहिल्यापेक्षाही आखूड झालं. नाकपुड्या आता आणखी वर गेल्या होत्या. तिनं कॉलेज सोडलं होतं.

मी तिच्याशेजारी जाऊन बसलो. "इलाज निघंल," एवढं म्हणालो.

"कोन काढनार? तू?" ती म्हणाली. रागानं नाही. तिला खरंच विचारायचं होतं.

त्यानंतर मी लातूरला परत जाऊन अभ्यास केला असं म्हणता येणार नाही. जीवशास्त्राच्या पुस्तकात कूर्चा या ऊतीवर थोडासा मजकूर होता, तोच मी वाचत राहायचो. मटणात दाताखाली कुरकुर करणारं जे मऊ हाड लागतं, तेच हे. कानात असतं, नाकात असतं, बरगडीच्या पुढच्या टोकाला असतं. ते एका जागेवरून काढून दुसऱ्या जागी लावता येतं का, असं मी तास संपल्यावर सरांना विचारलं. त्यांनी चांगलं ऐकून घेतलं आणि सांगितलं की, हे परीक्षेला येत नाही.

नांदेडच्या एका डॉक्टरांचं नाव आम्हाला बाबांच्या आडतीवर येणाऱ्या बिलोलीच्या एका शेतकऱ्यानं सांगितलं. त्याच्या भावाचं मशीनमधे गेलेलं बोट त्यांनी जोडलं होतं. मी लातूरहून गेलो, बाकीचे देगलूरहून आले. डॉक्टर वयस्कर होते. त्यांनी बहिणीच्या नाकाचा शेंडा दोन बोटांत धरून हळूच खाली ओढून बघितला. तो येईना. मग ते आमच्याशी बोलले, आणि इतकं सविस्तर बोलले की मला तिथंच रडू येईल की काय असं वाटलं.

त्यांनी सांगितलं ते असं. नाक लांब करायचं म्हणजे फक्त आतला सांगाडा लांब करून भागत नाही. बाहेरची कातडी आणि आतलं अस्तर, दोन्ही तेवढं पुरलं पाहिजे. इथं दोन्ही आकसलेलं आहे. आत्ता सांगाडा बसवला तर तो पुन्हा कातडी फाडून बाहेर येईल.

"लहान पोत्यात जास्तीचा माल," बाबा म्हणाले. "शिवन उसवनार."

"अगदी तसंच," डॉक्टर म्हणाले. मग म्हणाले की, आधी पोतं मोठं करू. तेल लावून रोज थोडा थोडा वेळ शेंडा खाली ओढायचा, काही महिने, न चुकता. कातडी सैल झाली की मगच हात लावतो.

मायनं बाबांकडे बघितलं. "मग मी इतकी वर्सं करून राहिले, ते काय येडी होते?" डॉक्टर हसले. तेव्हा त्याचा उपयोग नव्हता, कारण तेव्हा कातडी नाही, हाड दबलेलं होतं, असं त्यांनी समजावून सांगितलं. माय काही ते ऐकायला तयार नव्हती. त्या दिवशी ती परत जाताना नीट ताठ बसून गेली.

निघताना बाबांनी विचारलं, लांब म्हणजे किती लांब होईल? डॉक्टरांनी मिलिमीटरमधे सांगितलं. बाबांनी सदऱ्याच्या खिशात बोटं घातली. मापाड्याच्या खिशात नमुन्याचे दाणे असतातच. त्यातला ज्वारीचा एक दाणा त्यांनी टेबलावर ठेवला. "एवढं?"

डॉक्टरांनी दाण्याकडे बघितलं. "एवढं मिळालं तर चांगलं झालं म्हणायचं. थोडं जास्तही मिळेल. पण मी जास्तीचं वचन देणार नाही."

आम्ही चौघं त्या दाण्याकडे बघत बसलो. इतक्या वर्षांचा त्रास, आणि मिळणार तर एवढंच. पण डॉक्टर म्हणाले की, शेंडा एवढा खाली आला की नाकपुड्यांचं तोंड खाली वळतं, आणि श्वास खाली जातो. बहिणीनं मान वर केली. "मग काचंवर न्हाई येनार?" तिथं पोहोचल्यापासून ती पहिल्यांदा बोलली होती.

ऑपरेशन पुढच्या वर्षी झालं. माझी परीक्षा तोवर होऊन गेली होती, गुण कमी पडले होते आणि मी पुन्हा एकदा बसण्यासाठी लातूरलाच थांबलो होतो. ऑपरेशन मी पाहिलेलं नाही, डॉक्टरांनी सांगितलं तेवढंच मला माहीत आहे. दोन नाकपुड्यांच्या मधे जी पट्टी असते तिथं लहानशी चीर देऊन त्यांनी नाकाची कातडी वर उचलली, आतलं आकसलेलं अस्तर सोडवून खाली आणलं. छातीखाली एक छेद घेऊन बरगडीची कूर्चा काढली आणि तिच्या पातळ पट्ट्या केल्या. त्यातल्या दोन पट्ट्या नाकाच्या मधल्या पडद्याला दोन्ही बाजूंनी शिवल्या, अशा की त्यांची टोकं पुढे आणि खाली येतील, आणि नाकाचा शेंडा त्या टोकांवर बांधला. एक पट्टी वर खड्ड्यात ठेवली, चष्म्यासाठी. बाहेरचं काहीच नाही, सगळं तिचंच. बहीण शुद्धीवर आल्यावर म्हणाली, नाकापेक्षा बरगडीच जास्त दुखून राहिली. खोकला आला की ती उशी छातीशी धरायची.

पट्टी काढल्यावर नाक फारच लांब दिसलं. सूज होती. डॉक्टरांनी मुद्दाम थोडं जास्त खाली आणलं होतं, कारण ते काही प्रमाणात मागं सरकतंच. हे त्यांनी आम्हाला सांगितलं होतं. मला सांगितलं होतं, बाबांना सांगितलं होतं. पण सूज उतरायला लागली आणि नाक दर आठवड्याला थोडं लहान दिसायला लागलं, तेव्हा सांगितलेलं काही कामाला आलं नाही. पहिल्या वेळीही असंच झालं होतं ना? आधी लांब, मग लाल, मग आखूड. आडतीवरून बाबांचा फोन यायचा, आणि बोलणं संपताना ते आवाज खाली करून म्हणायचे, "परत चाललं वाटतं."

माय दोरा घेऊन माप घ्यायची. कपाळापासून शेंड्यापर्यंत. बहिणीनं तो दोरा चुलीत टाकला आणि घरातला आरसाही पालथा केला. मी सुट्टीला गेलो तेव्हा तिनं मला दारातच सांगितलं, "भैया, नाकाबद्दल कायबी विचारायचं न्हाई. आनि माझ्याकडं बघून हसायचंबी न्हाई, हसलास की मला हसू येतं आनि हे हालत न्हाई."

ते खरं होतं. शेंडा ताठ झाला होता. बोट लावलं तर तिला कळायचंही नाही. आणि नाक अगदी थोडं डावीकडे झुकलं होतं. बरगडीची कूर्चा कधी कधी वळते, हेही डॉक्टरांनी आधी सांगितलेलं होतं. ते आजही तसंच आहे. जो तिला ओळखत नाही त्याला कळणार नाही, आम्हाला कळतं.

पण खरी परीक्षा चष्म्याची होती. बरेच महिने नाकावर कसलंच वजन द्यायचं नव्हतं. तोवर तिनं पुस्तक डोळ्यांजवळ नेऊन वाचलं आणि लांबचं जग सोडून दिलं. चष्मा तिनं फडक्यात गुंडाळून उशाशी ठेवला होता. तो तिच्याशिवाय कुणी हातात घ्यायचा नाही. चष्मा कधी घालायचा ते डॉक्टर बघून सांगणार होते. तो बसला नाही, किंवा काचेवर वाफ आली, तर पुन्हा ऑपरेशन करायला कातडी उरलेली नाही, हे आम्हा सगळ्यांना माहीत होतं. ती म्हणाली होती की, नाही बसला तर मी परत कुठंच जाणार नाही, दवाखान्यात नाही आणि कॉलेजातही नाही. ती उगाच बोलणारी मुलगी नाही.

आमचं ठरलं होतं. ते नांदेडला जातील, डॉक्टर चष्मा घालून बघतील, आणि बाबा तिथल्याच एका बूथवरून माझ्या घरमालकीण काकूंकडे फोन करतील. बसला, नाहीतर नाही बसला. एवढाच निरोप.

त्या दिवशी माझी चाचणी होती. मी काय लिहिलं ते मला आठवत नाही. दुपारी खोलीवर आलो तर काकू दारातच धान्य निवडत बसल्या होत्या.

"तुझ्या वडलांचा फोन होता रे. गडबडीत होते, गाडी लागली होती म्हणे."

"काय म्हणाले?"

"चष्मा राहिला म्हणाले. मी तुझ्या कॉटवर बघितलं बाबा, काही दिसला नाही. तू कधीपासून चष्मा लावतोस?"

मी पायरीवर बसलो. चष्मा राहिला. कुठं राहिला? दवाखान्यात राहिला, बसमधे राहिला, आणि त्यापुढचं मला बसल्या बसल्या दिसायला लागलं. जो चष्मा ती झोपेतही दूर ठेवत नव्हती, तो ती कशी विसरेल? एकाच कारणानं. डॉक्टरांनी घालून बघितला, तो बसला नाही, तिनं तो काढून टेबलावर ठेवला आणि उठून चालू पडली. बाबांना नाही बसला असं म्हणवलं नसेल. म्हणून फक्त राहिला म्हणाले.

मी आडतीवर फोन लावला. घंटी वाजत राहिली. मग लक्षात आलं, अमावस्या होती, बाजार बंद. घरी फोन नाही, मामाकडेही नाही. दवाखान्यात लावला तर लागला, पण तिथल्या बाईंनी अशी काही वस्तू मिळाली नाही म्हणून ठेवून दिला. मग मला काय झालं ते सांगता येत नाही. मी लातूरच्या बसस्टँडवर गेलो आणि नांदेडहून येणाऱ्या गाड्यांच्या कंडक्टरांना विचारत सुटलो की, चष्मा सापडला का. एकानं सीटखाली वाकून बघितलं. दुसरा म्हणाला, "छत्री हाय, डबा हाय, चष्मा न्हाई. कोन्त्या गाडीत राहिला?"

"नांदेड-देगलूर."

"आरं बाबा, देगलूरची गाडी इकडं कशाला येईल?"

मला ते माहीत नव्हतं असं नाही. तरी त्यानंतरच्या गाडीलाही मी विचारलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी आडत उघडल्याबरोबर फोन केला. मुनीमजींनी बाबांना हाक मारली. काट्यावरून हात झटकत आले असावेत, थोडा दम लागला होता.

मी म्हणालो, "चष्मा सापडला का?"

"कोन्ता चष्मा?"

"तिचा. काल राहिला म्हणालात ना."

"हाव, राहिला की," बाबा म्हणाले. "अजून हाय. काल डॉक्टरनं घातला, तवापासून काढंना झाली. समदी बस पाट्या वाचीत आली. नायगाव आलं, नरसी आलं, मला सांगून राहिली, जसा काय मी पहिल्यांदाच चाललो."

मी विचारलं, "आणि वाफ?"

बाबांनी फोन बाजूला धरून कुणाला तरी विचारलं, वाफ येती का म्हनतोय. मला वाटलं होतं ती घरी असेल. ती त्यांच्याबरोबर आडतीवर आली होती. ओढणी न गुंडाळता, हे मला नंतर कळलं. तिनं फोन घेतला, पण उत्तर दिलं नाही. आडतीत समोरच्या भिंतीवर मालाचा फळा असतो, बऱ्यापैकी लांब, खडूनं लिहिलेला. तो ती वाचायला लागली. ज्वारी, पिवळी ज्वारी, तूर, मूग, उडीद, करडई, सोयाबीन. मी तिच्या थांबण्याची वाट बघत होतो, चष्मा काढून पुसण्याएवढ्या थांबण्याची. ती थांबली नाही. फळा संपला तेव्हा त्याच्याखाली भिंतीवर बारीक अक्षरांत जे लिहिलेलं होतं, तेही तिनं त्याच आवाजात वाचलं.

"येथे थुंकू नये."